एकच पास की सुटी तिकिटे? : सहलीच्या खर्चाचा एक विचार

दिवाळीची सुटी जवळ आली की महाविद्यालयात सहलीच्या गप्पांना ऊत येतो. कुणाला रायगड चढायचा असतो, कुणाला कोल्हापूरची अंबाबाई पाहायची असते, तर कुणाला नुसता समुद्र हवा असतो. चिखलीला रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी फार जुनी आहे. परंतु आजही आपल्या गावच्या सामान्य माणसाची गाडी म्हणजे एसटी. त्यामुळे या गप्पांचा शेवट बहुतेक वेळा एकाच वाक्याने होतो : "सरळ पास काढून टाकू, म्हणजे रोज तिकिटाची कटकट नको."

सन २०२४ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही पाच जणांनी, म्हणजे तीन मुलगे आणि दोन मुली यांनी, असाच बेत केला होता. प्रत्येकाने सारखी वर्गणी काढायची आणि पाचही पास एकदम घ्यायचे असे ठरत आले होते. तेवढ्यात आमच्यातील एका मैत्रिणीने साधा प्रश्न विचारला, "मला एसटीत अर्धे तिकीट लागते. मग मी पास पूर्ण का काढायचा?" या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी कोणाजवळही नव्हते. सगळे अर्थशास्त्राचे विद्यार्थी असूनही नव्हते, हे कबूल केले पाहिजे. त्या उत्तराच्या शोधात जी आकडेमोड केली, तीच प्रस्तुत लेखात मांडली आहे.

पासाची योजना

एसटी महामंडळाची 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' ही योजना १९८८ पासून चालू आहे. तिच्यात चार दिवसांचे आणि सात दिवसांचे असे दोन प्रकारचे पास मिळतात. एकदा पास घेतला की त्या मुदतीत, पास ज्या दर्जाच्या गाडीचा असेल त्या दर्जापर्यंतच्या गाड्यांतून कितीही वेळा आणि कोठेही जाता येते. साध्या गाडीचा पास शिवशाहीत चालत नाही; शिवशाहीचा पास मात्र साध्या गाडीत चालतो. पास प्रवासाच्या दहा दिवस आधीपासून काढून ठेवता येतो. मुदतीचे दिवस सलग मोजले जातात. मध्ये एक दिवस मुक्काम करून विश्रांती घेतली, तरी तो दिवस पासातून वजा होतच असतो. शिवाय पास जवळ आहे म्हणून बसायला जागा मिळेलच अशी हमी नसते. ती हवी असेल तर आरक्षण वेगळे करावे लागते.

दुसऱ्या बाजूला सुटे तिकीट आहे. एसटीचे भाडे टप्प्यांवर आकारले जाते आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो. २०२४ साली साध्या गाडीचा दर टप्प्याला ८ रुपये ७० पैसे होता. त्याच वेळी साध्या गाडीचा चार दिवसांचा पास प्रौढांस १,१७० रुपयांना व सात दिवसांचा २,०४० रुपयांना मिळत होता. पुढे २५ जानेवारी २०२५ पासून टप्प्याचा दर १० रुपये ५ पैसे झाला आणि त्यानंतर पासाचे दरही बदलले. म्हणून या लेखातील रुपयांचे आकडे २०२४ चे आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. ताजा दर आगारात विचारावा. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

बरोबरीचा आकडा

ही रीत अगदी सोपी आहे. पासाच्या किमतीला टप्प्याच्या दराने भागावे आणि आलेल्या संख्येला सहाने गुणावे. इतके किलोमीटर प्रवास केला तर पास आणि सुटी तिकिटे यांचा खर्च सारखा होतो. त्याहून कमी प्रवास झाला तर तिकिटे स्वस्त, जास्त झाला तर पास स्वस्त. याला आपण 'बरोबरीचा आकडा' म्हणू.

चार दिवसांच्या पासासाठी १,१७० भागिले ८.७० म्हणजे सुमारे १३५ टप्पे, अर्थात सुमारे ८०७ किलोमीटर. सात दिवसांच्या पासासाठी २,०४० भागिले ८.७० म्हणजे सुमारे २३५ टप्पे, अर्थात सुमारे १,४०७ किलोमीटर. दोन्ही आकड्यांना दिवसांनी भागले की एकच उत्तर येते : दररोज सुमारे २०० किलोमीटर. योजना आखणाऱ्यांनी दोन्ही पासांचे माप सारखेच ठेवले होते, असे यावरून दिसते.

आता २०० किलोमीटर म्हणजे किती? थांबे धरून एसटीचा वेग सरासरी ताशी ४० किलोमीटर मानला, तर रोजचे पाच तास गाडीत. पास फायद्यात पडायला हवा असेल तर सहलीच्या प्रत्येक दिवशी पाच तासांहून अधिक वेळ खिडकीशी बसून काढावा लागेल. ज्याला महाराष्ट्राचा पसारा पाहायचा आहे त्याला हे चालेल. ज्याला एखादे लेणे किंवा एखादा वाडा नीट पाहायचा आहे, त्याने थांबून विचार करावा.

मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर

१७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. पासाच्या दरपत्रकात मात्र 'प्रौढ' आणि 'मुले' एवढे दोनच रकाने होते. म्हणजे मुलीसाठी टप्प्याचा खरा दर ८ रुपये ७० पैसे नसून ४ रुपये ३५ पैसे होता, आणि पासाची किंमत तेवढीच होती. त्यामुळे तिचा बरोबरीचा आकडा दुप्पट होतो. चार दिवसांत सुमारे १,६१४ किलोमीटर, म्हणजे रोज ४०० किलोमीटर आणि रोज दहा तास गाडीत! असा प्रवास कंडक्टरही रोज करीत नसेल.

६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही अर्धे तिकीट आहे. त्यांचाही हिशेब असाच होतो. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. आजोबांना सोबत नेताना उत्साहाच्या भरात त्यांचाही पास काढला, तर ते पैसे चक्क पाण्यात गेले.

सांगायचा मुद्दा असा की, पासाची छापील किंमत सर्वांना सारखी दिसली तरी त्याचे मोल प्रत्येकाला वेगळे असते. सुट्या तिकिटाला तुम्हाला प्रत्यक्ष किती पैसे पडतात, यावर ते ठरते. 'सगळ्यांनी सारखी वर्गणी काढू' हे वाक्य न्यायाचे वाटते. पण या ठिकाणी ते मुलींवर अन्याय करणारे होते. आमच्यापैकी कोणाच्याही मनात तसा हेतू नव्हता. हिशेब मांडला नाही, एवढीच चूक.

दोन दौरे, दोन उत्तरे

उदाहरणासाठी चिखलीहून निघणारे दोन दौरे घेऊ. अंतरे ढोबळ आहेत. भाड्यात थोडाफार फरक पडेल, निष्कर्षात पडणार नाही.

पहिला दौरा जवळचा, चार दिवसांचा. पहिल्या दिवशी मेहकरमार्गे लोणार, सुमारे ७० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी लोणारहून सिंदखेड राजा आणि तेथून देऊळगाव राजामार्गे परत चिखली, सुमारे १२० किलोमीटर. तिसऱ्या दिवशी खामगावमार्गे शेगाव आणि परत, सुमारे १४०. चौथ्या दिवशी बुलढाणामार्गे अजिंठा आणि परत, सुमारे १७०. एकूण ५०० किलोमीटर, म्हणजे ८४ टप्पे. सुट्या तिकिटांचा खर्च मुलाला सुमारे ७३० रुपये आणि मुलीला सुमारे ३६५ रुपये. पास घेतला तर दोघांनाही १,१७०. आम्हा पाच जणांचे पास ५,८५० रुपयांचे झाले असते. तिकिटे सुमारे २,९२० रुपयांत होत होती, म्हणजे निम्म्या पैशांत.

दुसरा दौरा लांबचा, सात दिवसांचा. चिखलीहून जालनामार्गे छत्रपती संभाजीनगर १४० किलोमीटर, तेथून पुणे २३५, पुण्याहून कोल्हापूर २३५, कोल्हापूरहून रत्नागिरी १३०, रत्नागिरीहून परत पुणे ३००, आणि पुण्याहून चिखली ३७५. बेरीज १,४१५ किलोमीटर, म्हणजे २३६ टप्पे. मुलाची सुटी तिकिटे सुमारे २,०५३ रुपयांची होतात, पास २,०४० रुपयांचा. इतके हिंडूनही बचत अवघी तेरा रुपये! मुलीला मात्र याच दौऱ्याची तिकिटे सुमारे १,०२७ रुपयांना पडतात. तिने पास घेतला तर हजार रुपयांवर तोटा. पाच जणांनी पास काढले तर खर्च १०,२०० रुपये. मुलांनी पास आणि मुलींनी तिकिटे घेतली तर सुमारे ८,१७५ रुपये. दोन हजारांचा हा फरक राहण्याजेवणाच्या कामी येतो.

तेव्हा 'पास चांगला की तिकीट चांगले' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. दौरा कोणता, प्रवासी कोण आणि दिवस किती, या तीन गोष्टी कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे रोग न विचारता औषध देण्यासारखे आहे.

प्रवेशाची तिकिटे

काही वाचक म्हणतील की, गाडीभाड्याचे ठीक आहे, पण स्थळांच्या प्रवेशशुल्काचे काय? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या २०१८ च्या दरांनुसार भारतीय नागरिकाला अजिंठा आणि वेरूळ येथे प्रत्येकी ४० रुपये, तर दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा येथे प्रत्येकी २५ रुपये शुल्क ठरले. पंधरा वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. चारही स्थळे मिळून १३० रुपये होतात. आपल्या दृष्टीने ही रक्कम गाडीभाड्यापुढे लहान आहे. परदेशी पाहुण्यांना मात्र याच चार स्थळांसाठी ६००, ६००, ३०० आणि ३०० असे १,८०० रुपये ठरले. चार स्थळांचा एकत्र पास निघाला, तर आपल्याला त्याचे फारसे कौतुक वाटणार नाही, त्यांना वाटेल. येथेही मोल माणसागणिक बदलते.

सलग दिवसांच्या पासात आणखी एक खाच आहे. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. रविवारी दुपारी पास सुरू करून छत्रपती संभाजीनगरला पोहोचलेल्या माणसाने वार पाहिले नसतील, तर त्याचा अजिंठ्याचा दिवस सोमवारी आणि वेरूळचा मंगळवारी येण्याचा धोका आहे. सुट्या तिकिटावर फिरणारा एक दिवस थांबू शकतो. पासवाल्याचे घड्याळ चालू असते.

गंमत अशी की पॅरिसमध्येही हाच प्रकार आहे. तेथे अनेक संग्रहालयांसाठी मिळून दोन, चार किंवा सहा दिवसांचा एक पास मिळतो. तेथील लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते आणि ओर्से संग्रहालय सोमवारी. पास असला तरी लूव्रमध्ये जाण्याची वेळ आगाऊ ठरवून घ्यावी लागते, जशी आपल्याकडे पास असूनही जागेचे आरक्षण वेगळे असते. अठरा वर्षांखालील मुलांना, तसेच युरोपीय संघात राहणाऱ्या सव्वीस वर्षांखालील तरुणांना तेथील राष्ट्रीय संग्रहालयांत प्रवेश विनामूल्य आहे. अशा तरुणाने तो पास विकत घेणे म्हणजे आपल्याकडील आजोबांनी एसटीचा पास घेण्यासारखेच होय. देश बदलला तरी हिशेबाचा नियम बदलत नाही.

अर्थशास्त्र काय सांगते?

एकत्र किंमत घ्यावी की प्रत्येक वस्तूची वेगळी, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनाही पडला आहे. अमेरिकेतील डिस्नेलँड हे उद्यान १९५५ साली उघडले. तेथे अनेक वर्षे प्रत्येक खेळासाठी चिठ्ठ्यांचे पुस्तक घ्यावे लागे. ही पद्धत १९८२ मध्ये संपली आणि एकाच प्रवेशमूल्यात सर्व खेळ अशी पद्धत रूढ झाली. वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली याच उद्यानाचे उदाहरण घेऊन 'दुपदरी किमती'वर प्रसिद्ध निबंध लिहिला. दारात किती घ्यावे आणि आत प्रत्येक खेळाला किती घ्यावे, असा त्याचा विषय होता.

पासाच्या बाबतीत दारातच सर्व पैसे दिले जातात. त्यानंतर पुढच्या प्रत्येक फेरीचा सीमांत खर्च शून्य होतो. हा पासाचा खरा गुण आहे. रत्नागिरीत असताना मनात आले की पावसला जाऊन यावे, तर खिशाचा विचार न करता जाता येते. गाडी चुकली तर दुसरी धरता येते, रस्ता बदलता येतो, सुट्या पैशांवरून वाद होत नाहीत. घरून निघतानाच भाड्याचा खर्च ठरून जातो, हा दिलासाही लहान नाही. ज्याचा कार्यक्रम निश्चित नाही आणि ज्याला लांब लांब जायचे आहे, त्याने पास आनंदाने घ्यावा.

परंतु या गुणातच दोष दडलेला आहे. पासाचे पैसे देऊन झाले की ते बुडीत खर्चात जमा होतात. आपण कोठेही गेलो काय किंवा न गेलो काय, ते परत येत नाहीत. शास्त्र सांगते की पुढचा निर्णय घेताना बुडीत खर्चाकडे पाहू नये. माणसाचे मन मात्र 'वसूल' या एका शब्दाला बांधलेले असते. पैसे वसूल करायचे म्हणून आपण एका दिवसात तीन गावे गाठतो. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम आपण बारावीत भाकरीच्या उदाहरणाने शिकलो. तो देवळांना आणि किल्ल्यांनाही लागू आहे. दिवसातील पहिले देऊळ डोळे भरून पाहिले जाते, तिसऱ्यात नुसती प्रदक्षिणा होते, आणि पाचव्यात चप्पल कुठे ठेवली याचीच काळजी.

उलट प्रकारची चूकही होते. आपण जेवढा वापर करू असे वाटते तेवढा तो होत नाही. स्टेफानो डेला विन्या आणि उल्रिके माल्मेंडिअर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील तीन व्यायामशाळांच्या सभासदांची नोंद तपासली. मासिक वर्गणी भरणाऱ्यांना एका भेटीला सरासरी सतरा डॉलरहून अधिक पडत होते. दहा भेटींचा सुटा पास घेतला असता तर एका भेटीला दहाच डॉलर पडले असते. वर्गणी भरताना प्रत्येकाला वाटते की आपण रोज जाऊ. सहलीचा पास घेतानाही आपल्याला वाटते की आपण थकणार नाही, पाऊस येणार नाही आणि गाडी चुकणार नाही.

निर्णयाच्या पायऱ्या

सहल ठरवणाऱ्या मित्रांसाठी ही रीत क्रमाने मांडतो.

१. आधी कागदावर स्थळे लिहावीत, पास मागाहून आठवावा. पास हातात घेऊन स्थळे शोधू नयेत.

२. प्रत्येक स्थळाला किती वेळ द्यायचा ते लिहावे आणि ते कोणत्या वारी बंद असते ते पाहावे.

३. अंतरांची बेरीज करून तिला सहाने भागावे, म्हणजे टप्पे कळतील. टप्प्याला दराने गुणावे. ज्यांना अर्धे तिकीट आहे त्यांच्यासाठी हा आकडा वेगळा काढावा.

४. हा आकडा पासाच्या किमतीशी ताडून पाहावा. पास थोडासाच स्वस्त पडत असेल, तर एखादा बेत रद्द झाल्यास काय होईल याचाही विचार करावा. मघाच्या लांबच्या दौऱ्यात एक गाव गळले तरी तेरा रुपयांचा फायदा नाहीसा होतो.

५. गटात प्रत्येकाने आपापल्या हिशेबाने पास किंवा तिकीट घ्यावे. बरोबर जाण्यासाठी सारखे तिकीट लागत नाही. गाडी एकच असली म्हणजे झाले.

उपसंहार

शेवटी आम्ही जवळचा दौरा निवडला आणि सुट्या तिकिटांवरच फिरलो. वाचलेल्या पैशांतून लोणारला एक मुक्काम वाढवला. उल्कापाताने काळ्या पाषाणात झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर एरवी आम्ही कड्यावरून पाहून परत फिरलो असतो. मुक्कामामुळे सकाळी खाली उतरून सरोवराच्या काठाने चालता आले आणि दुपारी दैत्यसूदनाच्या देवळातील शिल्पे निवांत पाहता आली. अजिंठ्याला अंधूक उजेडात डोळे सरावायलाच काही मिनिटे लागतात, त्यानंतर भिंतीवरची चित्रे दिसू लागतात. तेथेही कोणी घड्याळ पाहत नव्हते, कारण वसूल करण्यासारखे काही राहिलेच नव्हते.

आमच्या दोघी मैत्रिणींचे चार दिवसांचे गाडीभाडे चारशे रुपयांच्या आत झाले. त्यांपैकी एकीने अजिंठा प्रथमच पाहिला. पासाचे १,१७० रुपये मागितले असते तर घरून परवानगी मिळाली नसती, असे तिने परतताना सांगितले. आमची सारखी वर्गणी ठरून गेली असती तर ती काही न बोलता मागे राहिली असती, आणि आम्ही समजलो असतो की तिला यायचेच नव्हते. म्हणून महाविद्यालयाच्या सहल समितीला आणि प्राध्यापक महोदयांना नम्र विनंती आहे की, वर्गणीचा एकच आकडा फळ्यावर लिहिण्यापूर्वी प्रत्येकाला प्रवास खरोखर कितीला पडतो, हे एकदा मांडून पाहावे.